दोन मायक्रोमीटरचा हिरवा स्फटिक: फोटोसिस्टीमचा क्ष-किरणांनी अभ्यास करण्याची सविस्तर वाट

फोटोसिस्टीम-१ आणि फोटोसिस्टीम-२ ही प्रकाशसंश्लेषणात प्रकाश पकडणारी प्रथिनं. त्यांतल्या फोटोसिस्टीम-१ चा मोठा स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर तो हिरवा कमी आणि काळा जास्त दिसतो. का, ते एका छोट्या हिशेबातून कळतं. या स्फटिकाच्या एकक पेशीची (पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान खोक्याची) मापं २८१ × २८१ × १६५ अँगस्ट्रॉम, तळाचा कोन १२० अंश. एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग. तिच्यात प्रथिनाचे सहा मोनोमर (एकेक घटक) बसतात आणि प्रत्येकात ९६ क्लोरोफिल, म्हणजे एकूण ५७६. आकारमानाने भागलं की क्लोरोफिलची संहती साधारण ८५ मिलिमोलर निघते. इतक्या दाट रंगात ६८० नॅनोमीटरचा लाल प्रकाश जेमतेम दोन मायक्रोमीटर आत जातो आणि तेवढ्यातच त्याचा एक दशांश उरतो. म्हणजे मोठा, देखणा स्फटिक प्रकाशाने चालवायचा म्हटलं, तर फक्त त्याची साल जागी होते. गाभा अंधारातच राहतो.

म्हणून मी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगतो की या प्रथिनांच्या बाबतीत लहान स्फटिक ही तडजोड नाही. आपल्याला हवा आहे तो लहानच. पुढची प्रत्येक पायरी एकाच प्रश्नावर तपासून घ्यायची: या क्षणी माझ्या प्रथिनावर कोणता प्रकाश पडतो आहे आणि किती?

मुळात लहान स्फटिकांची ही पद्धत का लागते

क्ष-किरण हाही प्रकाशच, आणि तो स्फटिक जाळतो. द्रव नायट्रोजनच्या तापमानाला गोठवलेल्या प्रथिन-स्फटिकाला साधारण ३० मेगाग्रेपर्यंत मात्रा (ग्रे हे शोषलेल्या किरणांचं एकक) सोसते असं मानतात. खोलीच्या तापमानाला त्याहून खूपच कमी. पण फोटोसिस्टीम-२ मध्ये ही मर्यादा फसवी ठरते. पाण्याचं विघटन करणारा त्यातला मँगनीज-कॅल्शियमचा पुंजका क्ष-किरणांनी फार लवकर क्षपित होतो, म्हणजे इलेक्ट्रॉन मिळून त्याची अवस्था बदलते. स्फटिक उत्तम विवर्तन (क्ष-किरण विखुरून पडणारे ठिपके) देत असतो आणि त्याच वेळी आतलं मँगनीज मूळच्या अवस्थेत उरलेलं नसतं, हे २००५ साली वर्णपटाच्या मोजमापांतून स्पष्ट झालं. २०११ साली जपानच्या स्प्रिंग-८ या क्ष-किरण केंद्रात १.९ अँगस्ट्रॉमपर्यंतचा बारकावा दाखवणारी रचना आली. पुंजक्यातले चार मँगनीज, एक कॅल्शियम आणि पाच ऑक्सिजन तिच्यात पहिल्यांदा स्वच्छ दिसले. तिथेही काही अंतरं अपेक्षेहून लांब भरली आणि बोट किरणांच्या हानीकडेच गेलं.

यातून सुटकेचा रस्ता २००० साली उपसालातल्या गटाने गणिताने दाखवला होता. क्ष-किरणांचा स्पंद काही फेम्टोसेकंदांचा (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग) असेल, तर रेणू फुटायच्या आत विवर्तन होऊन जातं. कॅलिफोर्नियातला एलसीएलएस हा कठीण (जास्त ऊर्जेच्या) क्ष-किरणांचे असे अतिलहान स्पंद देणारा मुक्त-इलेक्ट्रॉन लेझर २००९ साली सुरू झाला, आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मोठ्या प्रयोगात स्फटिक होते ते फोटोसिस्टीम-१ चेच. २०० नॅनोमीटर ते २ मायक्रोमीटर आकाराचे स्फटिक पाण्याच्या बारीक धारेतून सोडले, विवर्तनाचे तीस लाखांहून जास्त पॅटर्न टिपले, त्यांतले पंधरा हजारांहून थोडे अधिक उलगडले (म्हणजे त्यांतल्या स्फटिकाची दिशा ओळखता आली) आणि ८.५ अँगस्ट्रॉमची रचना मिळाली. आज हा आकडा खरबरीत वाटतो, पण तेव्हा वापरलेली तरंगलांबीच ६.९ अँगस्ट्रॉम होती. त्या मांडणीत त्याहून फारसं बारीक दिसणं शक्य नव्हतं.

आधी प्रश्न ठरवा, मग यंत्र

फक्त प्रथिनाचा आकार हवा असेल, तर शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकी वापरा. स्फटिकांच्या मागे लागू नका. अचल रचना हवी आहे आणि स्फटिक दहा-वीस मायक्रोमीटरचे आहेत, तर सिंक्रोट्रॉनच्या (वेगवान इलेक्ट्रॉनांपासून क्ष-किरण देणाऱ्या वर्तुळाकार यंत्राच्या) सूक्ष्म किरणावर हजारो स्फटिकांतून थोडी थोडी माहिती गोळा करता येते. धातूच्या केंद्राची खरी अवस्था हवी असेल किंवा प्रकाश पडल्यानंतरच्या पिकोसेकंदांत (हजार फेम्टोसेकंदांचा एक) काय घडतं ते पाहायचं असेल, तरच मुक्त-इलेक्ट्रॉन लेझरकडे जा. तिथला बीमटाइम (यंत्र वापरायला मिळणारा वेळ) मिळणं कठीण असतं आणि मिळाला तरी तो तासांत मोजावा लागतो.

प्रथिन: मंद उजेडातलं काम

बहुतेक यशस्वी प्रयोग उष्ण झऱ्यांतल्या सायनोबॅक्टेरियांवर झाले आहेत, कारण त्यांची प्रथिनं टिकाऊ असतात. पेशी फोडायच्या, पटलं वेगळी करायची, डोडेसिल माल्टोसाइडसारख्या सौम्य डिटर्जंटने प्रथिन पटलातून सोडवायचं आणि आयन-विनिमय स्तंभावरून शुद्ध करायचं. हा भाग इतरत्र भरपूर लिहिला गेला आहे, त्यामुळे इथे थांबत नाही. एकच सांगतो: सगळं थंडीत आणि मंद हिरव्या दिव्याखाली करा. हिरवा दिवा सुरक्षित असतो तो त्याच्या मंदपणामुळे. त्याच रंगाच्या लेझरने आपण पुढे प्रथिन चालवणार आहोत, हे विसरू नका.

क्लोरोफिलची मोजणी मात्र हाताने नीट शिका, कारण पुढचे सगळे हिशेब तिच्यावर उभे राहतात. ५ मायक्रोलिटर नमुना ८० टक्के ॲसिटोनमध्ये मिसळून एकूण १ मिलिलिटर करा, सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून प्रथिनाचा गाळ खाली बसवा आणि वरच्या द्रावाचं शोषण ६६३.६ नॅनोमीटरला मोजा. ७५० नॅनोमीटरचं शोषण त्यातून वजा करा. ते गढूळपणामुळे आलेलं असतं. समजा ०.४० आलं. क्लोरोफिल-ए चा गुणांक ७६.७९ प्रति मिलिमोलर प्रति सेंटिमीटर, म्हणून ५.२ मायक्रोमोलर. दोनशे पट सौम्य केलं होतं, तेव्हा मूळ नमुन्यात १.०४ मिलिमोलर क्लोरोफिल. ९६ ने भागलं की फोटोसिस्टीम-१ चे मोनोमर साधारण ११ मायक्रोमोलर. फोटोसिस्टीम-२ असेल तर भाजक ३५.

शुद्धतेचं जेल सुंदर आलं म्हणून समाधान मानू नका. फोटोसिस्टीम-२ चा ऑक्सिजन सोडण्याचा वेग इलेक्ट्रोडवर मोजा. जे प्रथिन स्फटिक होण्याआधीच मेलेलं आहे, त्याचा स्फटिकही सुरेख येऊ शकतो, आणि मग सगळा बीमटाइम एका मृत प्रथिनाची सुबक रचना काढण्यात जातो.

सूक्ष्म स्फटिक घडवणं

इथे सवयीविरुद्ध विचार करावा लागतो. एरवी आपण कमी केंद्रकं (स्फटिक जिथून वाढू लागतो ती पहिली बीजं) आणि सावकाश वाढ मागतो. इथे हवीत ती एकाच वेळी उमटलेली असंख्य केंद्रकं आणि लवकर थांबलेली वाढ.

फोटोसिस्टीम-१ चा स्वभाव यासाठी सोयीचा आहे. ते क्षार वाढवल्यावर नाही, तर क्षार कमी केल्यावर स्फटिक होतं. मॅग्नेशियम सल्फेट भरपूर असताना ते विरघळलेलं राहतं. क्षार नसलेलं, पण डिटर्जंट असलेलं बफर घालत गेलं की विद्राव्यता कोसळते. हे बफर थेंबाथेंबाने, सतत हलवत घाला. एका जागी धार पडली, तर तिथे वेडेवाकडे गोळे तयार होतात आणि बाकी द्रावण तसंच राहतं. वेग, तापमान आणि शेवटची क्षारसंहती या तीन गोष्टी वहीत नोंदवा. स्फटिकांचा आकार त्यांच्यावरच ठरतो. फोटोसिस्टीम-२ साठी पॉलिएथिलीन ग्लायकॉल वापरतात. त्याच्या द्रावणावर प्रथिनाचा थर देऊन सीमेवर सूक्ष्म स्फटिक पाडणं, किंवा मोठे स्फटिक चुरून त्यांचं बीजन करणं, या दोन्ही वाटा चालतात.

स्फटिक झाले हे ओळखायची माझी पहिली चाचणी डोळ्यांची आहे. नळी अर्धा तास उभी ठेवली की तळाशी गर्द हिरवा थर बसतो आणि वरचं पाणी फिकं होत जातं. नळी हलक्या हाताने फिरवून दिव्यासमोर धरली, की चांगल्या मालात रेशमासारखी लकाकी हलताना दिसते. नुसत्या साक्यात ती येत नाही. वरचं पाणी हिरवंच राहिलं, तर बरंच प्रथिन अजून द्रावणात आहे. ते धुऊन काढलं नाही तर पार्श्वभूमी वाढेल. धुतानाही डिटर्जंट बफरमध्ये हवाच. साध्या बफरने धुतलेले स्फटिक विरघळतात किंवा चिकटून बसतात.

मग आकार मोजा. मायक्रोमीटरहून मोठे स्फटिक सूक्ष्मदर्शकात दिसतात, त्याहून लहानांसाठी गतिज प्रकाश-विकिरण आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. सरासरीपेक्षा पसाऱ्याकडे लक्ष द्या. सगळे स्फटिक सारख्या मापाचे असले, तर लेझरचा प्रकाश सगळ्यांत सारखा पोहोचतो आणि धारही अडकत नाही. शेवटी थोडे स्फटिक विरघळवून त्यांची सक्रियता पुन्हा मोजा. ही पायरी वगळलेली मी वारंवार पाहिली आहे, आणि दरवेळी ती नंतर महागात पडली आहे.

स्फटिक किरणासमोर नेणं

प्रत्येक स्पंद एक स्फटिक संपवतो, म्हणून पुरवठा अखंड हवा. चार रीती रुळल्या आहेत. हेलियमच्या दाबाने बारीक केलेली द्रवाची धार. लिपिडच्या क्यूबिक (घनाकृती मांडणीच्या) फेजसारख्या किंवा ग्रीससारख्या चिकट माध्यमातला सावकाश येणारा दोरा. फिरत्या पट्ट्यावर टाकलेले नॅनोलिटरचे थेंब. आणि खाचा असलेली स्थिर चकती.

धारेचा हिशेब करून पाहा. धार सेकंदाला १० मीटर वेगाने जाते आणि १२० हर्ट्झवर दोन स्पंदांत ८.३ मिलिसेकंद असतात. तेवढ्यात ८ सेंटिमीटर धार वाहून जाते, आणि किरण त्यातला काही मायक्रोमीटरचाच तुकडा पाहतो. बाकी सगळं प्रथिन वाया. मेगाहर्ट्झने स्पंद देणारा हॅम्बुर्गजवळचा युरोपियन एक्सफेल हा मुक्त-इलेक्ट्रॉन लेझर २०१७ साली सुरू झाला, तेव्हा धारेला तिचा योग्य जोडीदार मिळाला. तिथेही सुरुवातीच्या पटल-प्रथिनांत फोटोसिस्टीम-१ होतं.

आता संहती. धार ५ मायक्रोमीटर जाड आणि किरण तिचा ३ मायक्रोमीटर लांबीचा तुकडा व्यापतो असं धरलं, तर समोर येणारं आकारमान सुमारे ५९ घन मायक्रोमीटर. मिलिलिटरमागे १०⁹ स्फटिक असतील, तर दर स्पंदाला सरासरी ०.०६ स्फटिक सापडतो, म्हणजे शंभरात सहा पॅटर्न. दाट माल भरून हा दर वाढवता येतो, पण सरासरी एकावर गेली तरी नेमका एकच स्फटिक सापडण्याची शक्यता ३७ टक्क्यांवर थांबते, आणि एकावर एक पडलेले पॅटर्न वाढतात. मी दहा ते वीस टक्क्यांवर समाधानी असतो.

याच हिशेबातून नमुना किती न्यायचा तेही निघतं. १२० हर्ट्झ, सहा टक्के फटके (स्फटिकावर बसलेले स्पंद), त्यांतले निम्मे उलगडले तर सेकंदाला ३.६ पॅटर्न. वीस हजार पॅटर्नना सुमारे ९३ मिनिटं. मिनिटाला १० मायक्रोलिटर धरले, तर जवळजवळ एक मिलिलिटर दाट स्फटिक, आणि तेही एकाच अवस्थेसाठी. प्रत्यक्षात नोझल बदलण्यात आणि किरण जुळवण्यात बराच वेळ जातो. दुप्पट माल घेऊन जा.

स्फटिक सिरिंजमध्ये तळाशी बसतात, म्हणून ती सतत फिरवणारा धारक लावा. वाटेत जाळी बसवा. तिची भोकं नोझलच्या नळीच्या आतल्या व्यासापेक्षा बरीच लहान आणि स्फटिकांपेक्षा मोठी हवीत. एकदा मी नळीजोडणी बदलल्यावर जाळी परत बसवायला विसरलो होतो. एका गुठळीने नोझल बुजलं आणि सगळं उघडून धार पुन्हा सुरू होईपर्यंत पाऊण तास गेला. त्या दिवसापासून जोडणीची यादी भिंतीवर चिकटवलेली असते आणि दुसरं माणूस ती मोठ्याने वाचतं.

लेझरचा प्रकाश: खरी कसोटी

फोटोसिस्टीम-२ चं पाणी-विघटन एका चक्रात चालतं. पिएर जोलिओ यांनी १९६९ साली दाखवलं की प्रकाशाचे एकेक झोत दिले तर ऑक्सिजन तिसऱ्या झोताला सर्वांत जास्त येतो आणि मग दर चौथ्या झोताला. बेसेल कॉक यांनी १९७० साली त्याचा अर्थ एस-शून्य ते एस-चार अशा पाच अवस्थांनी लावला. अंधारात ठेवलेलं प्रथिन बहुतांशी एस-एक मध्ये असतं, पण सुमारे चौथा भाग एस-शून्य मध्ये सापडतो. म्हणून आधी एक झोत देऊन नमुना पुन्हा अंधारात विसावू द्यायचा. असं केल्याने जवळजवळ सगळी केंद्रं एस-एक मध्ये एका रांगेत येतात.

दर झोताला सुमारे दहा टक्के केंद्रं चुकतात असं धरा. दोन झोतांनंतर ०.९ × ०.९, म्हणजे ८१ टक्केच एस-तीन मध्ये पोहोचतात. तीन झोतांनंतर ७३ टक्के. तुमच्या घनता-नकाशात (अणू कुठे आहेत ते दाखवणाऱ्या नकाशात) ही भेसळ असणारच आणि रचना बसवताना ती मांडावीच लागेल.

झोताचा रंग हिरवा घेतात, ५३० नॅनोमीटरच्या आसपास. क्लोरोफिल हिरवा प्रकाश सर्वांत कमी शोषतं, आणि नेमकं म्हणूनच तो स्फटिकात खोलवर जातो. लाल प्रकाश वरच्या थरांतच संपतो, हे सुरुवातीच्या हिशेबात दिसलंच. झोताची ताकद मात्र अंदाजाने ठरवू नका. तीच स्फटिकं, तोच थेंब किंवा तीच धार, आणि वाढत्या ताकदीचे झोत घेऊन ऑक्सिजनचं उत्पादन मोजा. वक्र जिथे सपाट होतो तिथेच थांबा. त्यापुढे जास्त प्रकाश दिला, तर अवस्था पुढे सरकत नाही. रेणू एकाहून जास्त फोटॉन गिळतो, तापतो, आणि तुम्ही जैविक नसलेली हालचाल जैविक समजून बसता. फार लहान स्पंदांच्या, पिकोसेकंदांच्या प्रयोगांत हा धोका सर्वांत मोठा असतो.

दुसरी सावधगिरी चोरट्या प्रकाशाची. लेझरचा डाग धारेवर किंवा दोऱ्यावर वरच्या अंगाला पसरला, तर पुढच्या स्पंदाचा नमुनाही उजेड पाहून येतो. चिकट दोरा सावकाश सरकतो, तिथे हे हमखास होतं. एकाआड एक अंधारे पॅटर्न घेत राहा आणि ते अंधारे पॅटर्न लेझर पूर्ण बंद असतानाच्या पॅटर्नशी ताडून पाहा. दोन्ही जुळले नाहीत, तर तुमचा अंधार अंधार नाही.

झोतांची नेमकी वेळ सांभाळायला पट्ट्यावरचे थेंब मला सर्वांत भरवशाचे वाटतात. थेंब एका ठिकाणी प्रकाश घेतो, ठरल्या वेगाने पुढे सरकतो, दुसऱ्या ठिकाणी दुसरा झोत घेतो आणि मग किरणासमोर येतो. त्याच वेळी मँगनीजची क्ष-किरण उत्सर्जन रेषाही मोजता येते, म्हणजे अणूंची जागा आणि धातूची अवस्था एकाच स्फटिकातून कळते.

डिटेक्टर किती लांब ठेवायचा

९.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला तरंगलांबी १.३०५ अँगस्ट्रॉम. २ अँगस्ट्रॉमपर्यंत पाहायचं तर विवर्तनाचा कोन ३८ अंश. डिटेक्टरची अर्धी रुंदी ८५ मिलिमीटर असेल, तर तो १०८ मिलिमीटरवर हवा. तिथे २८१ अँगस्ट्रॉमच्या पेशीचे शेजारी ठिपके अर्ध्या मिलिमीटरवर पडतात, ७५ मायक्रोमीटरच्या पिक्सेलवर सहा-सात पिक्सेलचं अंतर. जमतं, पण ठिपके पसरट झाले की एकमेकांत मिसळतील. पेशी मोठी असल्यामुळे हा हिशेब बीमटाइमच्या अर्जाआधीच करावा लागतो.

पॅटर्नपासून नकाशापर्यंत

ठिपके असलेले पॅटर्न निवडणं, प्रत्येकाची दिशा ओळखणं आणि सगळे एकत्र करणं, यासाठी क्रिस्टएफईएलसारखी मोफत सॉफ्टवेअर आहेत. पहिले काही शे पॅटर्न उलगडले की एकक पेशीच्या बाजूंचे आलेख काढा. शिखर एकच आणि सममित असेल तर ठीक. दोन शिखरं दिसली किंवा एका बाजूला शेपूट लांबली, तर बहुधा डिटेक्टरचं अंतर चुकलं आहे. १०८ मिलिमीटरमध्ये अर्ध्या मिलिमीटरची चूक पेशीला सुमारे अर्धा टक्का ताणते. भूमिती सुधारून पुन्हा चालवलं, की उलगडलेल्या पॅटर्नची संख्या डोळ्यांदेखत वाढते.

फोटोसिस्टीम-१ मध्ये एक खास अडचण आहे. त्याचा अवकाशगट (स्फटिकातल्या मांडणीची सममिती) पी-६३ असल्याने जाळी दोन प्रकारे बसवता येते आणि ठिपक्यांच्या जागांवरून खरा प्रकार कळत नाही. तसंच एकत्र केलं, तर माहिती जुळ्या स्फटिकाची वाटू लागते. पॅटर्नच्या तीव्रता आपापसांत ताडून त्यांचे दोन गट पाडणारी रीत २०१४ साली आली. ती न चुकता वापरा. फोटोसिस्टीम-२ च्या नेहमीच्या स्फटिकांच्या तिन्ही बाजू वेगळ्या असल्याने तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.

प्रत्येक पॅटर्नमध्ये ठिपक्याचा एक काप तेवढा मिळतो, पूर्ण तीव्रता नाही. हजारो कापांची सरासरी घेतली की चूक संख्येच्या वर्गमुळाने घटते. चूक निम्मी करायला पॅटर्न चौपट लागतात. माहितीचे दोन यादृच्छिक अर्धे भाग करून त्यांचा सहसंबंध पाहा आणि तो जिथे कोसळतो तिथे विभेदन (किती बारीक दिसतं ती मर्यादा) कापा. कागदावर चांगला आकडा दिसावा म्हणून पुढे ताणू नका.

ज्ञात रचनेवरून सुरुवात करून नकाशा मिळणं आता सोपं आहे. कठीण आहे ते उजेड आणि अंधार यांच्यातला फरक वाचणं. दोन्ही संच एकाच खेपेत केलेल्या स्फटिकांचे, एकाच भूमितीचे हवेत. पेशी अर्धा टक्का जरी बदलली, तरी खरा फरक त्यात बुडतो. आणि एक नियम मी कधी मोडत नाही: अंधाराच्या माहितीचेच दोन भाग करून त्यांचा फरक-नकाशा आधी काढायचा. त्यात जेवढी उंच शिखरं दिसतात, तेवढा तुमचा गोंगाट. उजेडाच्या नकाशातलं शिखर त्याहून ठळकपणे वर उठलं, तरच त्याबद्दल बोलायचं.

एस-तीन मधल्या ऑक्सिजनची गोष्ट इथे आठवावी. दुसऱ्या झोतानंतर मँगनीजच्या पुंजक्याजवळ एक नवा ऑक्सिजन येतो, यावर वेगवेगळ्या गटांचं एकमत झालं. पण तो शेजारच्या ऑक्सिजनपासून किती दूर? २०१७ सालच्या रचनेत १.५ अँगस्ट्रॉम, २०१८ सालच्या दुसऱ्या गटाच्या रचनेत सुमारे २.१, आणि २०१९ साली पहिल्याच गटाकडून १.९. या काही दशांशांवर ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध त्या क्षणी जुळलेला आहे की नाही, हे ठरतं. दोन अँगस्ट्रॉमच्या आसपासच्या नकाशात, शेजारी जड मँगनीज आणि सोबत वीस टक्के मागे राहिलेली केंद्रं असताना, हे अंतर रचना बसवताना तुम्ही अणूंच्या अंतरांवर लादलेल्या बंधनांवरही हलतं. म्हणून बंधनं सैल करून, तो अणू वगळून आणि अवस्थांचं प्रमाण बदलून, तीनही प्रकारे रचना बसवून पाहा आणि अंतराची पूर्ण श्रेणी लिहा.

रचना प्रथिन-डेटा बँकेत जमा करताना अंधाराचा आणि उजेडाचा असे दोन्ही संच द्या, आणि कच्चे पॅटर्नही सार्वजनिक साठ्यात ठेवा. झोताची ताकद, डागाचा आकार, झोत आणि क्ष-किरण यांतलं अंतर, स्फटिकांचं माप आणि विरघळवून मोजलेली सक्रियता, हे सगळं त्याच नोंदीत आकड्यांनिशी लिहा. लेझरची ताकद नमुन्याजवळ मोजली की लेझरच्या तोंडाशी, तेही लिहा. वाटेतल्या आरशांत आणि खिडक्यांत प्रकाश गळतो, आणि दुसऱ्या कुणाला तुमचा प्रयोग पुन्हा करायचा असेल तर त्याला पहिला हाच आकडा लागेल.